परग्रहावरच्या साक्षीदाराला कोणता रंग दिसला? विज्ञान-रहस्यकथा लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात रहस्यकथा लिहिणारे बरेच आहेत. दिवाळी अंकांच्या मुदती जवळ आल्या की त्यांतले काही विज्ञानकथेकडे वळतात, आणि मग परग्रहावरचा पाहुणा, त्याचे वेगळे डोळे, त्या डोळ्यांनी पकडलेला चोर हे सगळं ओघाने येतं. अशा कथांबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देणारा दिवसा रंगाईच्या लॅबमध्ये शेड जुळवतो आणि रात्री खुनाच्या गोष्टी लिहितो. त्यामुळे उदाहरणं कापडाकडे झुकलेली आहेत, चालवून घ्या.

परग्रहवासीयाला आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात, एवढं कथेला पुरत नाही का?

नाही पुरत. नुसतं जास्त दिसण्याने कौतुक होतं, गुन्हा उकलत नाही. धागा हाती लागतो तो दोन प्रकारे. आपल्याला एकसारख्या वाटणाऱ्या दोन वस्तू त्याला वेगळ्या दिसतात, किंवा आपल्याला ढळढळीत वेगळ्या दिसणाऱ्या दोन वस्तू त्याला सारख्याच वाटतात. पहिल्या प्रकाराने तपास पुढे सरकतो, दुसऱ्याने साक्षीदार चुकतो. आपले बहुतेक लेखक पहिल्यावरच थांबतात. माझ्या मते खरी गंमत दुसऱ्यात आहे.

मधमाशीच घ्या. ती साधारण ३०० ते ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पाहते, आपण ४०० ते ७०० मधला. म्हणजे तिला जांभळ्याच्या पलीकडचा अतिनील (यूव्ही) दिसतो, पण गडद लाल तिच्या लेखी जवळजवळ काळाच. मधमाशांना रंग कळतात हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९१४ च्या सुमारास रंगीत आणि करड्या कागदांचे प्रयोग करून दाखवलं, आणि त्यांच्या माशाही लाल कागद नि काळा कागद यांत गोंधळत होत्या. आता असेच डोळे असलेला तुमचा साक्षीदार पोलिसांना सांगतो, "काळ्या साडीतली बाई होती." पोलीस तीन प्रकरणं काळी साडी शोधत फिरतात. बाई लाल इरकलीत समोरच बसलेली असते. साक्षीदार एक अक्षरही खोटं बोललेला नसतो.

मेटामेरिझम हा शब्द सारखा ऐकू येतो. नेमकं काय असतं ते?

या विषयाचं मूळच हे आहे, म्हणून जरा सविस्तर.

माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या. त्यांचा कमाल प्रतिसाद अंदाजे ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटरला येतो. टॉवेलवरून परत येणाऱ्या प्रकाशात शेकडो तरंगलांबींची सरमिसळ असते, पण डोळा ती सगळी तीन आकड्यांत गुंडाळून मेंदूकडे धाडतो. त्यामुळे घटक अगदी वेगळे असलेले दोन प्रकाशही तेच तीन आकडे देऊ शकतात. आकडे जुळले की आपल्यासाठी रंग जुळला. अशा जोडीला मेटामेरिक म्हणतात.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रंगाईशी संबंध असलेल्या कुणालाही विचारा, या जोड्यांनी त्याची झोप उडवलेली असते. टॉवेलचा मधला भाग एका कंपनीच्या डायने रंगवला, किनार दुसऱ्या कंपनीच्या. ट्यूबलाइटखाली दोन्ही एकजीव दिसतात. माल उन्हात गेला की किनार हिरवट मारते. म्हणून लॅबमध्ये लाइट बॉक्स ठेवतात: दिवसाच्या उजेडासारखा डी-६५, दुकानातल्या ट्यूबसारखा टीएल-८४, पिवळा बल्ब, आणि यूव्ही. एकेक दिवा लावत नमुना बघायचा. साडीच्या दुकानात आई-मावशी ब्लाउजपीस हातात घेऊन दारापर्यंत जातात, तेव्हा त्या हीच चाचणी करत असतात.

आता परग्रहवासीयाकडे या. त्याच्या शंकुपेशी ४२०-५३०-५६० ला नसून दुसरीकडेच कुठे असतील, तर दिवा न बदलताही आपल्या जुळलेल्या जोड्या त्याच्यासमोर तुटतात. मूळ बटण तुटल्यावर दुसऱ्या रिळाच्या दोऱ्याने शिवलेलं बटण, त्याच लॉटचा म्हणून नंतर घडीत सरकवलेला टॉवेल, पॅच मारून पुन्हा रंगवलेला मोटारीचा दरवाजा: हे सगळं त्याला लांबूनच कळतं. आणि उलटंही घडतं. त्याच्या डोळ्यांच्या मेटामेरिक जोड्या वेगळ्या असतात. आपल्याला फरक स्पष्ट दिसतो तिथे तो खांदे उडवतो.

एखादं संपूर्ण उदाहरण द्याल?

देतो. हे कथानक कुणालाही घ्यायचं असेल तर खुशाल घ्या.

साखर पेठेत जुना वाडा आहे. भिंती चुन्याच्या. वाड्याच्या आजोबांनी मरण्यापूर्वी माजघरातला एक कोनाडा दागिन्यांसकट बुजवला, वरून बाजारातल्या पांढऱ्या रंगाचा हात मारला आणि जागा कुणालाच सांगितली नाही. पांढऱ्यात पांढरं मिसळून गेलं. घरच्यांनी भिंती ठोकून पाहिल्या, सापडलं काही नाही. घरी एक परग्रहवासी पाहुणा अभ्यासासाठी ये-जा करतो, त्याला अतिनील दिसतो. एका रात्री तो जेवायला येतो. दुसऱ्या सकाळी कोनाडा फोडलेला आणि दागिने गायब.

पुतण्या पोलिसांना सांगतो, "पाहुणे आमच्याकडे माजघरात आले ते फक्त काल रात्री, जेवायला." पाहुणा होकारार्थी मान डोलावतो. त्याच्या रीतीप्रमाणे जिथे जेवण झालं नाही ती भेट धरतच नाहीत. इन्स्पेक्टरबाई त्याला खोलीचं वर्णन विचारतात. तो म्हणतो, "लाकडी खांब, झोपाळा, भिंतीवर काळा चौकोन." कुणी लक्ष देत नाही.

यामागचं विज्ञान असं. चुना, म्हणजे वाळल्यावर त्याचा होणारा कॅल्शियम कार्बोनेट, अतिनील किरण बऱ्यापैकी परत फेकतो. बाजारातल्या पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतो, तो अतिनील गिळतो. आपल्याला दोन्ही पांढरे, पाहुण्याला एक उजळ आणि एक काळपट. पण हे दिसायला अतिनील उजेडात असावा लागतो. घरगुती एलईडी बल्ब निळ्या एलईडीवर पिवळा लेप देऊन पांढरा उजेड करतो, त्यात अतिनील नाममात्रच. म्हणजे रात्री जेवताना पाहुण्याला तो चौकोन दिसणं शक्यच नव्हतं. तो दिवसा, चौकातलं ऊन माजघरात येत असताना, तिथे येऊन गेलेला होता. आणि त्याला त्या वेळी घरात आणणारा माणूस एकच असू शकतो: त्याच्या भेटी मोजून दाखवायची ज्याला घाई झाली होती तो.

वाचकाला न फसवता हे करायचं तर तीन गोष्टी आधीच पेरून ठेवा. पहिल्या प्रकरणात पाहुणा गल्लीतून चालताना चुना दिलेल्या पडक्या भिंतीचं कौतुक करतो आणि शेजारच्या नव्याकोऱ्या पांढऱ्या मोटारीला मळकी म्हणतो. लोक हसतात, विषय संपतो. जेवताना तो तक्रार करतो की तुमचे दिवे अर्धेच पेटतात. तिसरी गोष्ट म्हणजे त्याचा तो जबाब. तिन्ही ठिकाणी अतिनील हा शब्द येता कामा नये.

यूव्ही टॉर्चखाली जे चमकतं, तेच अतिनील पाहणाऱ्याला दिवसा चमकताना दिसेल ना?

नाही. ही चूक छापील कथांतही सर्रास दिसते. टॉर्चखाली हळदीचा पिवळट-हिरवा उजेड दिसतो, नोटेवरचे क्रमांक उजळतात, विंचू हिरवट-निळा दिसतो. ती प्रतिदीप्ती आहे: पदार्थ अतिनील गिळतो आणि दृश्य प्रकाश बाहेर टाकतो. म्हणून तर ती आपल्याला दिसते. अतिनील पाहणारा डोळा त्याच्या उलट बाजूचं बघतो, म्हणजे काय गिळलं गेलं ते. धुण्याच्या पावडरीतले ऑप्टिकल ब्राइटनर शर्ट आपल्यासाठी शुभ्र करतात; पाहुण्याला त्या शर्टातून अतिनील हरवलेला दिसतो. सनस्क्रीनचंही तसंच. मे महिन्यात क्रीम चोपडून बाहेर पडलेल्याचा चेहरा त्याला काळं फासल्यासारखा दिसेल. "मी दिवसभर घरातच होतो" म्हणणाऱ्या माणसाला त्याने निरागसपणे विचारावं, "मग तुमचं तोंड कानापर्यंतच काळं का आहे?"

आणि रक्त यूव्हीखाली आपोआप चमकत नाही. ते गडद दिसतं. चमकतं ते मालिकांमध्ये.

इन्फ्रारेड दिसणारा पाहुणा हवा असेल तर?

आधी कुठला इन्फ्रारेड ते ठरवा, कारण दोन्हींच्या कथा वेगळ्या होतात.

जवळचा इन्फ्रारेड म्हणजे लाल रंगाच्या लगेच पलीकडचा, ७०० ते हजारभर नॅनोमीटरचा. इथे बरेचसे काळे डाय पारदर्शक होतात आणि खालचा सुती धागा उजळ दिसतो. काळ्या कपड्यातला चोर पाहुण्याला फिकट कपड्यातला वाटतो. त्याच कापडावर सांडलेलं रक्त मात्र गडद राहतं. गुन्हे प्रयोगशाळा गडद कपड्यांवरचे डाग शोधायला इन्फ्रारेड छायाचित्रण वापरतात ते यासाठीच. शाईचं तर विचारूच नका. इसारपावतीवर १ च्या पुढे दुसऱ्या काळ्या पेनाने शून्य काढलं असेल, तर एक शाई इन्फ्रारेडमध्ये विरून जाते आणि दुसरी राहते. लेझर प्रिंटरच्या टोनरमध्ये कार्बन असतो, तो गडदच राहतो. रात्रीच्या सीसीटीव्हीभोवतीचे ८५० नॅनोमीटरचे एलईडी या पाहुण्याला विजेरीसारखे लखलखीत दिसतील. काळोख्या गोदामात तो म्हणाला, "तो दिवा मालवा ना, डोळ्यांवर येतोय," की छुपा कॅमेरा सापडला.

झाडांची हिरवी पानंही या पट्ट्यात प्रचंड प्रकाश परत फेकतात. पिकाला ताण बसला की तो प्रतिसाद बदलतो, उपग्रह त्यावरूनच पीक पाहतात. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात शाळू एकसारखा डोलतोय, आणि पाहुणा बांधावर उभा राहून एका आयताकृती तुकड्याकडे बोट दाखवतो. पुढचं तुम्ही लिहा.

आणि अंगातली उष्णता दिसणारा पाहुणा?

तो लांबचा इन्फ्रारेड, दहा मायक्रोमीटरच्या आसपासचा. सिनेमात हा फार सोपा करून टाकलाय. तरंगलांबी दृश्य प्रकाशाच्या वीसपट, म्हणून आपल्याइतकी बारीक नजर हवी तर बाहुलीही वीसपट मोठी हवी. आपली तीन मिलिमीटर धरली तर त्याची सहा सेंटिमीटर. शिवाय डोळा स्वतःच गरम असेल तर तो स्वतःच्याच उजेडात न्हाऊन निघेल. सह्याद्रीतला चापडा साप उष्णता ओळखतो खरा, पण डोळ्यांनी नाही, डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या खड्ड्यांनी, आणि तेही चित्र धूसरच.

पण मर्यादा जितक्या जास्त, तितकी रहस्यकथा चांगली. साधी काच या पट्ट्यात अपारदर्शक असते. "मी बंद खिडकीतून त्याला पाहिलं" असं या पाहुण्याने सांगितलं, की तो खोटं बोलतोय किंवा खिडकी उघडी होती. उलट पातळ काळी प्लास्टिकची पिशवी त्याला बरीचशी आरपार दिसते. तिसरी गोष्ट खास आपल्या गावची. मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा उन्हात तापलेली भिंत माणसाच्या कातडीपेक्षा गरम असते. पुणेरी हवेत उजळ दिसणारा माणूस इथे भर दुपारी भिंतीपुढे गडद दिसेल. संध्याकाळी भिंत निवत निवत पस्तीस अंशांवर येईल, तेव्हा काही वेळ तो भिंतीत विरघळूनच जाईल. खून नेमका त्या वेळी करणारा खुनी मला तरी आवडेल.

फोटो किंवा सीसीटीव्ही दाखवून ओळख पटवता येईल का?

यात मोठा सापळा आहे, आणि तो फारसा कुणी वापरलेला नाही. मोबाइलचा पडदा लाल, हिरवा, निळा एवढे तीनच प्रकाश टाकतो. पडद्यावरचं लिंबू पिवळं दिसतं कारण लाल नि हिरव्याची बेरीज आपल्या शंकुपेशींना फसवते. सगळे पडदे, सगळी छपाई माणसाच्या डोळ्यांच्या मापाने बेतलेली आहे. वेगळ्या शंकुपेशींचा पाहुणा तेच लिंबू पाहून म्हणेल, हे कसलं फळ? म्हणजे त्याने प्रत्यक्ष पाहिलेला शर्ट त्याला फोटोत ओळखू येऊ नये, निदान रंगावरून तरी. आणि जर त्याने फोटो बघताक्षणी "हाच तो रंग" म्हटलं, तर त्याने शर्ट कधी प्रत्यक्ष पाहिलाच नव्हता, फोटोच पाहिला होता. कुणीतरी पढवलेला साक्षीदार.

आपल्यापेक्षा कमी रंग दिसणारा परग्रहवासी कंटाळवाणा होणार नाही?

उलट. रासायनिक अणुवादवाला जॉन डाल्टन रंगांध होता आणि १७९४ मध्ये त्याने स्वतःच त्यावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असावा, म्हणून लाल अडतो, असा त्याचा तर्क. मेल्यावर डोळे तपासा असं त्याने सांगून ठेवलं होतं. १८४४ मध्ये तपासले, द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या त्याच डोळ्यांचा डीएनए १९९५ मध्ये पाहिला, तेव्हा हिरव्याच्या बाजूचं रंगद्रव्य नसल्याचं कळलं. मेलेल्या माणसाने स्वतःच स्वतःची केस उघडी ठेवून जायची, याहून चांगलं कथानक माझ्याकडे तरी नाही.

शिवाय कमी म्हणजे सर्वत्र कमीच असं नाही. हिरव्या शंकुपेशींचा कमाल प्रतिसाद नेहमीच्या तरंगलांबीवरून सरकलेल्या काही माणसांना खाकीच्या अशा छटा वेगळ्या दिसतात, ज्या इतरांना एकच वाटतात, हे २००५ मध्ये दाखवलं गेलं. खाकी गणवेश शिवणाऱ्या गावात या माहितीचं काय करायचं ते सांगायला नको.

परग्रहवासीच हवा का? माणूस चालेल?

चालेल, आणि मराठी कथेत तो जास्त शोभेल. आपल्या डोळ्यातलं भिंग अतिनील अडवतं. त्यामागचा डोळ्याचा पडदा तसा थोडाफार तो पाहू शकतो. पूर्वी मोतीबिंदू काढला की आत भिंग बसवत नसत, जाड काचांचा चष्मा देत. अशा माणसांना जवळचा अतिनील फिक्या निळसर-पांढऱ्या रंगात दिसू शकतो. म्हणजे वाड्याच्या कथेत चष्मा काढून भिंतीकडे बघणारे शेजारचे आप्पा पाहुण्याच्या जबाबाला दुजोरा देऊ शकतात. घरचे म्हणतात, आप्पांना भास होतात. असू द्या. आता अशी माणसं थोडी उरलीत, म्हणून कथा १९८० च्या दशकातली ठेवा (मग जेवताना एलईडीऐवजी पिवळा बल्ब लावा) किंवा आप्पांचं वय वाढवा.

शेवटी विज्ञान सांगितलं की वाचक "हे आम्हाला कसं कळणार" म्हणतात. काय करावं?

बरोबर म्हणतात. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या पाद्री-लेखकाने रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातला एक असा की अज्ञात विष वापरू नये, आणि शेवटी लांबलचक शास्त्रीय खुलासा करावा लागेल असं उपकरणही नको. परग्रहवासीयाचा डोळा म्हणजे तसंच उपकरण. म्हणून खुलासा शेवटून काढून सुरुवातीला न्या, आणि तोही खुलासा वाटणार नाही अशा वेशात: तक्रार, विनोद, खरेदीतली घासाघीस. शेवटच्या पानावर नवीन विज्ञान एका ओळीपेक्षा जास्त लागलं, तर कथा परत लिहा.

आपल्याला न दिसणाऱ्या रंगांना नावं काय द्यावीत?

देऊच नका. "झिरूल रंगाची आभा" वाचून कुणाच्या डोळ्यांपुढे काही येत नाही. त्याऐवजी पाहुण्याला वस्तूंची वाटणी करू द्या.

"अक्का, तुमच्या दोरीवर दोन रंगांचे टॉवेल आहेत."

"दोन कुठले? सगळे पांढरेच की हो."

"हे चार एकाचे. तो टोकाचा त्यांच्यातला नाही."

अक्का दोरीकडे बघतात. घरात टॉवेल चारच होते.

त्याचे डोळे कसे असावेत हे कुठून ठरवायचं?

त्याच्या सूर्यापासून. आपल्या सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५,७७० केल्विन, आणि तरंगलांबीनुसार मोजलं तर त्याचा प्रकाश ५०० नॅनोमीटरजवळ सर्वांत जास्त. प्रॉक्सिमा सेंटॉरी हा तांबडा बटू तारा सुमारे ३,००० केल्विनचा, त्याचा कमाल प्रकाश ९७० च्या आसपास. तिथल्या जिवाला जवळचा इन्फ्रारेड दिसणं पटण्यासारखं आहे, अतिनील दिसणं तितकंसं नाही.

मॅन्टिस श्रिंप या कोळंबीसारख्या समुद्री जिवाला सोळा रंग दिसतात म्हणे?

रंगांसाठी त्याच्याकडे बारा प्रकारच्या ग्राहकपेशी असतात हे खरं. पण २०१४ च्या प्रयोगांत जवळजवळच्या छटा ओळखण्यात तो माणसापेक्षा कितीतरी मागे पडला. पेशी वाढवल्या म्हणजे साक्षीदार हुशार होत नाही.

एकाच पाहुण्याने दोन वेळा वेगळी साक्ष दिली तर तो खोटारडाच ना?

ऋतू विचारा आधी. रेनडियरच्या डोळ्यातला परावर्तक थर उन्हाळ्यात सोनेरी असतो, हिवाळ्यात निळा होतो. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत दिलेली साक्ष आणि आषाढीला दिलेली साक्ष वेगळी निघाली, तर बदलले ते डोळेही असू शकतात.

स्वतः प्रयोग करून बघायचे असतील तर काय घ्यावं?

टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, बहुतेक फोनवर इन्फ्रारेड एलईडी लुकलुकताना दिसेल. यूव्ही टॉर्च घेणार असाल तर ३९५ नॅनोमीटरचा स्वस्त मिळतो, पण त्याचा स्वतःचा जांभळा उजेडच इतका असतो की बाकीचं झाकलं जातं. ३६५ चा घ्या, डोळ्यांवर मारू नका, कुणाच्याही. घरातले टॉवेल, हळद, नोटा झाल्या की रात्री शेताच्या बांधावर दगडांकडे रोखून बघा. पायात बूट मात्र हवेत.